पाठमोरे बाबा

लंडन, १२ मार्च १९३६

प्रिय बाबा,

तुमच्या हेस्बाचा लंडनहून नमस्कार. मी खुशाल आहे. खोकला जवळजवळ गेलाय. मावशीला सांगा, काळजी करू नको म्हणावं. तुमचा गुडघा कसा आहे? अजूनही पहाटे होडी काढता का?

माझ्या चित्रांचं प्रदर्शन गेल्या आठवड्यात सुरू झालं. त्यातलं सगळ्यांत मोठं चित्र तुमचं आहे. निळा विणलेला स्वेटर घालून तुम्ही धक्क्यावर उभे आहात, समुद्राकडे तोंड करून. गॅलरीचे मालक लोकांना सांगत होते, "चेहरा न दाखवण्याचं धाडस बघा! याला म्हणतात नवी चित्रकला."

मी नुसती मान डोलावली. पण बाबा, खरं काय ते तुम्हालाच सांगते. पाच वेळा मी तुमचा चेहरा रंगवला आणि पाचही वेळा खरवडून काढला. भुवया आठवतात, पण डोळ्यांचा रंग काही केल्या आठवेना. शेवटी तुम्हाला पाठमोरं केलं.

नऊ वर्षांपूर्वी मी निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात, "जायचं तर जा, मी स्टेशनवर येणार नाही." तुम्ही जाळं सांधत राहिलात, मान वर केली नाही. मीही हट्टाने मागे वळून पाहिलं नाही.

प्रदर्शन शनिवारी संपतंय. सोमवारच्या गाडीने मी घरी येते. भांडायचं असेल तर खुशाल भांडा. फक्त खिडकीपाशी, उजेडात, थोडा वेळ माझ्यासमोर बसा. रंग नाही आणणार. मला नुसतं तुमच्याकडे बघायचंय.

तुमचीच हट्टी,
हेस्बा