कानशील

बाई, आज आठवीच्या वर्गात 'टेंपल' हा शब्द आला आणि मी त्याचे दोन्ही अर्थ सांगितले. देऊळ, आणि कानशील. मुलींनी वहीत उतरवून घेतले. कोणी हसलं नाही.

तेव्हाही आठवीच होती, तुमच्या हाताखालची. धड्यातला म्हातारा दोन्ही हातांनी आपले टेंपल्स चोळत बसलेला. तुम्ही म्हणालात, कानशिलं. मी उठून उभी राहिले. पहिल्या बाकावरची, गावात सगळ्यात जास्त जमीन असलेल्या घरातली. "बाई, टेंपल म्हंजे देऊळ. तुमच्यात कोणी देवळात जात नाई, म्हून तुमाले माहीत नसन." असलं बोलणं मी आमच्या ओसरीवर ऐकलं होतं, पण त्या दिवशी तोंड माझं होतं. वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या तुमच्या वस्तीतल्या तीन मुली हसल्या नाहीत. तुम्ही खडू खाली ठेवलात. "भुवईच्या शेवटी, कानाच्या पुढं बोट ठेवून पाहा. ठोके लागतात. त्यालेही टेंपलच म्हणतात." सगळ्यांनी बोटं लावली. मी हात खालीच ठेवला.

संध्याकाळी दादाचा शब्दकोश काढून पाहिला. दोन्ही अर्थ होते, कानशिलाच्या अर्थाला वेगळा आकडा घालून. मी तो मिटला, आणि जेवताना बाबांना सांगितलं की बाईंना देऊळसुद्धा इंग्रजीत येत नाही. बाबा म्हणाले, "येत नाई तं शिकवते काऊन?" ते शाळेच्या समितीवर होते. आठवड्याच्या आत इंग्रजीचा तास दुसऱ्या सरांकडे गेला आणि तुमच्याकडे शिवणकाम आलं. मी एक शब्द बोलले असते तर कदाचित ते थांबलं असतं.

शिवणाच्या पहिल्याच तासाला तुम्ही जुन्या वर्तमानपत्रातून पोलक्याचे भाग कापत होता. "ह्या कागदाले पॅटर्न म्हणतात. कापडावरच्या नक्षीलेही पॅटर्नच, अन् पेपरात प्रश्न ज्या ठरावीक पद्धतीनं येतात, त्यालेही." मग आवाज न चढवता माझ्याकडे पाहिलंत. "चुकलं असन तं सांग. तुह्या घरी शब्दकोश असन." तुम्हाला सगळं कळलं होतं, बाई. तरी तास संपल्यावर तुम्ही टेप काढून माझी मापं घेतलीत आणि माझ्या मापाचा पॅटर्न कापून, वर माझं नाव लिहून हातात दिलात. तो मी घरापर्यंत नेला नाही. बाबा विचारतील म्हणून पाण्याच्या टाकीमागे टाकून दिला.

इंग्रजी तुम्हाला पुन्हा मिळालं नाही. मी पुढं शिकले, इंग्रजीचीच शिक्षिका झाले. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. मागच्या महिन्यात चिखलीच्या स्टँडवर तुमची लेक भेटली. माझ्या तोंडून गावाचं नाव ऐकून तिनंच ओळखलं. "आई सांगे, तिच्या वर्गातली एक मुलगी इंग्रजीची मॅडम झाली म्हून. तुमीच ना त्या?" मी हो म्हणाले. तिचा चेहरा खुलला. मग तिनं विचारलं, "आईनं इंग्रजी शिकवणं काऊन सोडलं हो? शेवटपर्यंत सांगितलं नाई तिनं."

मी म्हणाले, "शाळेत तास बदलत राहतात." तेवढ्यात तिची बस लागली.

जाता जाता तिनं आपला नंबर दिला, घरी या म्हणाली. हे सगळं खरं तर तिला सांगायला हवं. तुम्हाला तर ते तेव्हाच माहीत होतं. पण तिच्यासाठी मी अजून तुमच्या हाताखालची चांगली मुलगी आहे, आणि बाई, तेवढं माझ्याच्यानं सोडवत नाही.