यमुनेच्या अपिलाचा निकाल

नागपूर, सोमवार, १२ डिसेंबर १९५५

यमुनेवर अत्याचार करणाऱ्या त्या ठेकेदाराचं अपील आज हायकोर्टानं फेटाळलं. शिक्षा कायम.

घडलं त्या दुपारी ती शेतातून धावत आली ती आधी माझ्याकडे, मी शिकवते त्या कुहीच्या शाळेत. पुढे खालच्या कोर्टात त्याच्या वकिलानं मला विचारलं, "बाई, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?" मी म्हटलं, नाही. खोटं कसं बोलणार? पण तेव्हापासून एकच भीती, माझ्या त्या 'नाही'मुळे हा माणूस सुटला तर? अपिलातही त्यानं तेच धरून ठेवलं होतं.

सरकारी वकिलांनी निकाल समजावून सांगितला. अशा गुन्ह्याला पाहणारा साक्षीदार कुठून मिळणार? यमुनेचं सांगणं न्यायाधीशांना खरं वाटलं, आणि घडल्याबरोबर तिनं तेच मला सांगितलं होतं, याचा त्यांनी आधार धरला. मी फक्त ऐकलं होतं. तेवढं पुरलं.

यमुनेला व्हरांड्यात सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मले वाटे का कोनी आयकूनच नाही राहिलं." मग म्हणाली, "बाई, उद्या घरी जाऊ. धान कापाचं पडलं हाय."

संध्याकाळी तिला घेऊन भाऊंकडे मुक्कामाला आले. कोर्टाच्या गेल्या तारखेला वहिनींनी तिला मागच्या पडवीत वेगळं वाढलं होतं. आज स्वतःच्या शेजारी पान मांडलं, काही न विचारता. न्यायाधीशांचे आभार मनातच मानले. वहिनींचे मात्र तोंडावर मानले.