हवापालटाचं गाव

सौ. शकूस,

सप्रेम नमस्कार. मी मजेत आहे. फोनवर बोललेलं घरात सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून हे पत्र.

दिनेशचं गाव अगदी समुद्राला लागून आहे. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातले श्रीमंत लोक इथे हवापालटाला यायचे. त्यांच्या पांढऱ्या इमारती, लोखंडी कठड्यांचे सज्जे अजून तसेच आहेत. मला गल्ली न् गल्ली पाठ झाली आहे. सूनबाईचं ऑफिस घरातच, हॉलमध्ये चालतं. त्यामुळे साडेनऊला मी बाहेर पडतो तो पाचला परत. प्रेसमधून रिटायर झालो, पण ड्युटी काही सुटली नाही. शुगर मात्र छान उतरली आहे.

डबा देतात गं. समुद्रकाठच्या बाकावर बसून खातो. इथल्या बाकांवर मेलेल्या माणसांची नावं लावतात. माझ्या बाकावर कोणी मार्गारेट आहे. तिला म्हणे ही जागा फार आवडायची. तिने इथे पावसात पोळी खाऊन बघितली नसेल.

नळाला पाणी वेळेवर येतं का? गुडघे कसे आहेत?

दिनेश तुझ्या पासपोर्टचे कागद मागेल. गुडघे दुखतात म्हणून सांग. बाकावर दोघांपुरती जागा आहे, पण तुला तिथे बसलेली मला बघवणार नाही.

तुझा,
रंगनाथ