माझा उंचवटा खरा निघाला

बाल्टिमोर, शनिवार

आदरणीय सिस्टर हायसिंथ (म्हणजे आपली डोरिस),

मठातल्या सर्वांना वंदन आणि तुला एक चिमटा.

आठवतं, शनिवारी सकाळी आपण दोघी तुमच्या दारच्या संगमरवरी पायऱ्या घासायला बसायचो, आणि तुझी आई वरच्या खिडकीतून "मुलींनो, कोपरे" एवढंच म्हणायची? आज उगाच ते आठवलं. तुझा गुडघा कसा आहे? प्रार्थनेला खुर्चीवर बसलीस तरी देव रागावणार नाही (हे मी डॉक्टरच्या वतीने सांगते आहे, देवाच्या नाही). माझी तब्येत उत्तम आहे, आणि का उत्तम आहे ते सांगायलाच हे पत्र.

माझं जुनं दुखणं तुला ठाऊक आहेच. फार दूरच्या एका ताऱ्याभोवती गुरूसारखा एक अवाढव्य, तापलेला ग्रह फिरतो. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा थोडासा प्रकाश त्याच्या हवेतून गाळून आपल्यापर्यंत येतो, आणि तिथला प्रत्येक वायू आपापल्या वाटचा रंग त्यातून खाऊन टाकतो. किती खाल्ला, त्याचा आम्ही आलेख काढतो. जुन्या अवकाश दुर्बिणीच्या माझ्या आलेखात एक चिमुकला उंचवटा होता. मी म्हणत आले की तो गंधकाचा वायू, काडेपेटीची काडी ओढल्यावर नाकात जातो तोच. मर्व्हिन हॅलॉक (वॉशिंग्टनचा खगोलशास्त्रज्ञ, आमच्याकडे आला की खेकड्याच्या वड्या दोनदा वाढून घेणारा) भर सभेत म्हणाला, "बर्निस, तो यंत्राचा ढेकर आहे." तेव्हापासून जिन्यात भेटणारे माझ्याकडे ढेकराची चौकशी करायचे. खरंखोटं करायला नवी, मोठी दुर्बीण हवी होती, आणि तिचा वेळ मागणारे माझे अर्ज दरवर्षी परत येत होते. हा शेवटचा अर्ज, वेळ मिळो न मिळो, नंतर निवृत्ती, असं मी ठरवलं होतं.

आता आमच्या अर्जांवर नाव घालायचं नसतं. कोण मागतंय ते निवड करणाऱ्यांना कळता कामा नये. "आम्ही पूर्वी दाखवल्याप्रमाणे" एवढं निसटलं तरी अर्ज बाद. म्हणून माझ्याच कामाबद्दल मला "काही अभ्यासकांच्या मते" असं लिहावं लागलं (आपणच आपल्या पाठीमागे कुजबुजावं तसं), आणि संशय नको म्हणून मी त्या अभ्यासकांच्या चुकाही जरा फटकळपणे काढल्या. निवड समितीत मर्व्हिन होता.

वसंतात तो माझ्या खोलीत आला, टोपी हातात धरून. मला वाटलं, कुणी गेलं. तर हा सांगू लागला (हे सांगणं नियमात बसत नाही, तेव्हा तूही पोटात ठेव) की त्या अर्जासाठी तो समितीत दिवसभर भांडला. कुणीतरी तरुण माणूस आहे, त्या हट्टी बर्निसला अखेर नीट सुनावलंय, याला वेळ द्याच, असं म्हणून त्याने अर्ज पहिल्या नंबरावर नेऊन बसवला.

"मग नावं उघडली," तो म्हणाला, "आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले."

"मग बदलायचे होते गुण."

"तसं करता येत नाही. शिवाय अर्ज चांगला होता, बाई. हे तू मला आधीच असं समजावलं असतंस तर?"

"समजावलं होतं. नाव घालून."

गुरुवारी नवा आलेख आला. डोरिस, उंचवटा कसला, डोंगर आहे. पडद्याभोवती आमच्या गटातली सगळी पोरं दाटली होती. मर्व्हिन मुद्दाम वॉशिंग्टनहून आला होता. त्याने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "ढेकर बराच मोठा आहे." मग त्यानेच सर्वांना खेकड्याच्या वड्या खायला घातल्या, आणि स्वतः एकदाच घेतल्या. मी हात धुवायला म्हणून गेले आणि नळ सोडून पोटभर रडले. आपल्या आजीच्या आजीच्याही आधी निघालेला प्रकाश माझ्या निवृत्तीआधी पोचला गं.

तुझीच,
बर्निस

ता. क. संस्थेने मला आणखी काही वर्षं राहायला सांगितलं आहे. असे ग्रह पुष्कळ आहेत. मी हो म्हटलं.

आणखी एक ता. क. म्हणजे मठामागच्या वृद्धाश्रमात तू इतक्या खटपटीने मिळवलेली बागेकडची खोली मला नको. हे वर लिहायचं धैर्य झालं नाही. रविवारी मात्र येत जाईन. खोली विधवा स्टेशा लिपिन्स्कीला दे, ती हिवाळ्यापासून वाट बघते आहे (घोरते, पण ते तिला खोली मिळाल्यावर सांग). माझं सामान तिथे पोचलंच आहे. हातांची खुर्ची सिस्टर पर्पेटुआंना. शाळेत प्रकाश म्हणजे काय ते आपल्याला उभं राहून शिकवलं त्यांनी. रेडिओ स्वयंपाकघरात. गोधडी तुझ्या गुडघ्याला. थंडीचा कोट तेवढा परत पाठव, मला कामावर जायचं आहे.