वाळत घातलेली कार्डं

५ फेब्रुवारी १९७४, मंगळ. पाली.
आजची मशीनची वेळ वाया गेली. प्रोग्रामच्या भोकं पाडलेल्या कार्डांचा अर्धा गठ्ठा आत गेला आणि मशीन अडकलं. ऑपरेटरनं कार्डं परत हातात ठेवली. म्हणाला, फुगलीयत, समुद्रात राहतेस काय? सगळे हसले. मीही हसले. खाऱ्या हवेत कागद ओल धरतो, मला कळायला हवं होतं. पण घरी आणून पुन्हा तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही.
सर म्हणाले, पुढचा मंगळवार शेवटचा. प्रोग्राम चालला नाही तर एम.एस्सी. यंदा नाही. एम.एस्सी. नाही तर नोकरीही नाही. फोर्टातल्या ऑफिसच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलंय: संख्याशास्त्राची डिग्री, त्यात कॉम्प्युटर घेतलेला, ती घेऊन या, प्रोग्रामरची जागा तुमची.
बाबांनी या एकाच वर्षाचा शब्द दिलाय. पुढे राई गावचं स्थळ.

८ फेब्रु., शुक्र.
आईनं विचारलं, जेवत का न्हाय. सांगितलं, कार्डांना ओल लागली. "मंग सुकवाया नको?" मी नुसती मान हलवली. डोकं दुसरीकडे.

१० फेब्रु., रवि.
विहिरीवरून आले तर अंगणातल्या वलांडीच्या दोरीवर, बोंबलांच्या शेजारी, माझी कार्डं. दोरीचा पीळ उघडून एकेक खोचलेलं. वाऱ्यावर हलत होती. आई खाली बसून उतरवलेली कार्डं निवडत होती, सुकी मासळी निवडते तशी. कमी भोकांची टोपलीत. जास्त भोकांची...
"कीड लागलेली येगली काढली. थोरीशी चुलीत घातली."
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग टोपली पुढे सरकवली. "ही बग, ही चांगली हायेत."
सूत्रांच्या कार्डांवरच भोकं जास्त. ती गेली. ‘स्टॉप’ आणि ‘एंड’ची कार्डं शाबूत, सगळ्यात वर, चांगली म्हणून.

तोच दिवस, संध्याकाळ.
आई जेवली नाही. भोकं म्हणजेच अक्षरं, हे तिला कधी सांगितलंच नव्हतं. घरात मीच पहिली शाळेत गेले. तेव्हापासून रोज काहीतरी शिकून घरी येते, पण काय शिकते ते कुणाला कधी...

११ फेब्रु., सोम.
गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीनं तिरकी रेघ मारून ठेवली होती, गठ्ठा सांडला तर क्रम लागावा म्हणून. मैत्रिणी हसायच्या. आज त्या रेघेवरून उरलेली कार्डं लावली. रेघ तुटते तिथलं कार्ड जळालं.
कॉम्प्युटर सेंटरच्या पंचिंग रूममध्ये, तिथे कार्डं पंच करणाऱ्या नी.बेननी जळालेली नव्यानं पंच करून दिली, मुडपलेलीही. प्रोग्राम लिहिलेला कागद मी धरला होता. एका सूत्राशी थांबल्या, म्हणाल्या, इथे कंस राहिला. खरंच राहिला होता. विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मशीनवरून नजर न उचलता म्हणाल्या, "मैं भी एम.एस्सी. हूँ, मॅथ्स में. बोला था, पहले पंचिंग में बैठो, बाद में देखेंगे."
कधी बोलले होते, ते विचारायचा धीर झाला नाही.

१२ फेब्रु., मंगळ.
चालला. एकही कार्ड अडकलं नाही. ऑपरेटरनं आधी गठ्ठा नाकाला लावला. "बोंबील?" मी हो म्हटलं.
घरी आल्यावर आईला कागदावरची उत्तरं दाखवली. तिनं पदराला हात पुसले, मगच हात लावला.

२० जून, गुरु.
पास. पहिला वर्ग. बाबांनी बंदरावर पेढे वाटले. कुणीतरी विचारलं म्हणे, पोरगी आता काय होणार? बाबांना शब्द आठवेना, म्हणाले, मशीनची मोठी बाई.

४ जुलै, गुरु.
ऑफिसचं पत्र. तीनदा वाचलं. ‘पंच ऑपरेटर.’ चूक असेल म्हणून भिजत गावच्या पोस्टात जाऊन फोन लावला. साहेब फार गोड बोलले. प्रोग्रामरच्या खोलीत आजवर मुलगी बसलेली नाही. आमच्या मुली पंचिंगमध्ये रमतात. पुढे बघू.
मी म्हटलं, डिग्री आणा म्हणाला होतात.
"म्हणून तर घेतोय तुम्हाला. नाहीतर मॅट्रिकच्या मुली रांगेत आहेत."
मी थँक्यू म्हटलं. थँक्यू का म्हटलं?

७ जुलै, रवि.
उद्या उत्तर पोचतं करायचं. बाबा म्हणतात, घे, खुर्चीवरची हाय. नाही म्हटलं तर राईचे लोक पुढच्या आठवड्यात बघायला येतील, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. नी.बेनना विचारावं असं दोनदा वाटलं. त्या काय सांगतील ते माहीत आहे, म्हणून गेले नाही.
आईनं पत्र वाचून दाखवायला लावलं. पंच म्हणजे काय, विचारलं. सांगितलं: दुसऱ्यानं लिहिलेलं बघून कार्डाला भोकं पाडायची.
तिनं जाळ्याची एक गाठ ओढली. मग म्हणाली, "येवरं शिकलीस ती भोकं पाडाया?"
मी पत्राची घडी घातली.
"तुजी तू लिवलेली मी जालली, वाचाया येत न्हाय म्हून. त्यांना काय झालंय?"
कोरा कागद घेऊन बसले. होकार असो की नकार, सुरुवात एकच: आपलं पत्र मिळालं. तेवढं लिहिलंय.