झिजलेली देवी

एदोगावा, तोक्यो
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय ताई,

असं कसं म्हणतेस की आईच्या माळेचं काय करायचं ते तू एकटीच ठरवणार? सातवी नापासानं सोन्यात अक्कल पाजळू नये म्हणालीस आणि फोन आपटलास. नसू दे अक्कल. पण ती माळ पंढरीनाथ सोनाराकडे मोडून सलोनीच्या लग्नातल्या पाटल्या करायच्या, आणि त्यात मधली ती दोन जुनी नाणीही वितळवायची, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

गेल्या रविवारी आमचं हॉटेल बंद होतं. माझ्या हातच्या चपात्या खायला रोज येतो तो नचिकेत, पुण्याचा इंजिनियर, मला उएनोच्या म्युझियममध्ये घेऊन गेला. तिथं काचेखाली रोमची सोन्याची नाणी मांडलेली. एकावर अंबाडा घातलेली बाई. अगं, आपल्या माळेतलीच! नचिकेतनं पाटी वाचून सांगितलं, ही राणी. ती गेल्यावर राजानं तिच्या नावानं नाणी पाडली. शेजारी तसंच नाणं पालथं मांडलेलं, त्याच्या मागच्या बाजूला उभी आहे ती देवी. म्हणजे आई दर शुक्रवारी माळ काढून लक्ष्मी म्हणून कुंकू लावायची ते राणीला, आणि देवी जन्मभर आतल्या बाजूला, आईच्या छातीशी. आधी हसू आलं. मग असं भरून आलं की नचिकेत म्हणाला, काय रे, पोटात दुखतंय का?

त्या देवीला नाकडोळे होते, ताई. हातात कणसं होती. आपल्या नाण्यांची ती बाजू नुसती गुळगुळीत. मला वाटायचं, घडवणाऱ्यानंच कोरी ठेवली. ती आईनं झिजवली गं. भाकऱ्या थापताना, तुला-मला कडेवर घेताना. तिचा एक धड फोटो नाही आपल्याकडे. मूस तापली की हेही गेलं. विकूया म्हणत नाही मी, कितीला जातील तेही विचारलं नाही. तू घाल, सलोनीला दे, पण आगीत टाकू नकोस.

आईच्या वेळी पोचलो नाही, म्हणून लग्नाला आणि वर्षश्राद्धाला नक्की येतो म्हणालो होतो. तिकिटाचे पैसेही जमले होते. आता येत नाही. हे फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहायला बसलो. अंतरपाटाशी सलोनीमागे मामा म्हणून चुलत्यांच्या संजीवला उभं कर. दाजींना सांग, सुट्टी मिळाली नाही. पाटल्या नव्या सोन्याच्या कर. तिकिटाचे ते छत्तीस हजार रुपये पाठवतोय.

तुझाच,
उदय