आप्पांचा वीस वर्षांचा करार

पिंगतुंग,
चिंगमिंगचा सण उलटून नववा दिवस

चि. मिंग-त्सुंग,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझ्या या-लिंगची कंबर कशी आहे ते कळव. तू सिगारेट सोडलीस की नाही ते कळवू नकोस, कारण खरं कळवणार नाहीस. इकडे सगळे (म्हणजे मी आणि आप्पा, घरात तिसरं आहे कोण?) सुखरूप आहेत. माझं ब्लडप्रेशर खाली येत नाही आणि आप्पा छतावरून खाली येत नाहीत, एवढंच. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण आप्पा शेजारी येऊन बसतात, आणि त्यांच्याविषयी बोलणं चाललं असलं की त्यांचे कान विशीतल्या माणसासारखे चालतात.

आई गेल्यापासून त्यांनी कसा धोशा लावला होता ते तुला ठाऊकच आहे. नवी चप्पल घ्या म्हटलं, की किती दिवसांसाठी? दात बसवून घ्या म्हटलं, की किती घासांसाठी? पेज आणि खारवलेली काकडी, यावर स्वारी समाधानी. तीन वर्षांपूर्वी तू त्या लिफ्टवाल्या फ्लॅटचा कागद घेऊन आलास, हे घर विकून तायपेईला चला म्हणालास, आणि त्यांनी तुला भरल्या ताटावर ‘मी जिवंत असताना माझा लिलाव मांडतोस का रे’ म्हणून ऐकवलं. तेव्हापासून तू आला नाहीस आणि त्यांनी बोलावलं नाही. (मी कोणाचीच बाजू घेत नाही. चूक दोघांची आहे. तुझी किंचित जास्त, कारण तू लहान आहेस; अठ्ठावन्न हे काही वय नाही.)

तर गेल्या महिन्यात गावच्या कचेरीतल्या पानबाई देवळाच्या अंगणात सौर पॅनेलची माहिती द्यायला येणार होत्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाला खाण्याच्या तेलाची बाटली फुकट होती. आप्पा अर्थातच तेलासाठी गेले. पहिल्या रांगेत बसले, बाटली मांडीवर घेतली आणि पेंगायला लागले. छतावर पॅनेल बसवलीत तर खर्चातला काही वाटा सरकार उचलेल, इथवर त्यांची झोप शाबूत होती. मग पानबाई म्हणाल्या, की छतावर तयार होणारी वीज कंपनी विकत घेईल, आणि आज जो दर ठरेल तोच वीस वर्षं मिळेल. आप्पांनी डोळे उघडले.

“वीस वर्षं? पुढे भाव पडला तरी?”

“तरी तोच, आजोबा. लेखी करार असतो.”

“मी चौऱ्याऐंशीचा आहे.”

पानबाई (पोरगी चांगली आहे, फक्त फार भरभर बोलते) बोटांवर हिशेब करून म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही एकशे चारचे होईपर्यंत, आजोबा.”

मिंग-त्सुंग, आपण सगळे तीन वर्षं त्यांना ‘अजून खूप आयुष्य आहे’ असं तोंडदेखलं सांगत होतो. या पोरीने त्यांना थेट आकडा दिला, आणि तोही सरकारी. ते घरी आले ते बाटली देवळातच विसरून. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दातांच्या डॉक्टरच्या दारात उभे. (दवाखाना नऊला उघडतो.) डॉक्टरने विचारलं, स्वस्तातली कवळी देऊ की टिकाऊ? तर म्हणाले, “वीस वर्षं टिकेल अशी द्या, मला काम आहे.”

मग छत मोकळं करायला घेतलं. मी खाली शिडी धरून ओरडत, ते वर उभे राहून न ऐकत. आईचं मोडकं वॉशिंग मशीन निघालं, तिच्या ऑर्किडच्या रिकाम्या कुंड्या निघाल्या, पत्र्याच्या शेडखाली तुझा शाळेतला बेसबॉलचा हातमोजा निघाला, उंदरांनी अंगठा खाल्लेला. मी म्हटलं, टाका तो. म्हणाले, “त्याने काय जागा अडवलीय?” आणि तो स्वतःच्या सदऱ्याने पुसून खोलीत घेऊन गेले. आईच्या कुंड्यांना मात्र एक-एक करून रजा दिली, आणि त्या दिवशी दुपारचे जेवले नाहीत.

पण खरा तमाशा पुढेच. चार वाजले की शेजारच्या लाय काकांच्या लोंगनच्या झाडाची सावली निम्म्या छतावर येते. आप्पा फांदी तोडा म्हणून सांगायला गेले. लाय काका म्हणाले, तोडतो, पण आधी देवळाच्या अंगणात चार लोकांसमोर कबूल करा, की सतरा वर्षांपूर्वी बुद्धिबळात तुम्ही चाललेली तोफेची सोंगटी मागे घेतली होती. (ती घेतली होती. सगळ्या गावाला माहीत आहे. आईसुद्धा म्हणायची.) मला वाटलं, संपलं, पॅनेल गेली खड्ड्यात. या माणसाने जन्मात कधी ‘चुकलं’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. आईचं नाव विवाहनोंदणीत चुकीचं लिहिलं, तेव्हाही ते आईनेच बदलावं असं त्यांचं म्हणणं होतं.

दोन दिवस देवळाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून देवळात गेले, पटासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “लाय, तोफ मी मागे घेतली होती. चुकलं माझं.” लाय काका इतके गडबडले, की म्हणाले, “अरे, राहू दे रे, तसाही मीच हरत होतो!” त्याच दुपारी फांदी खाली आली. दोघं ती ओढत घेऊन गेले. मी खिडकीतून बघत होते, आणि मला उगाचच रडू आलं. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांनी असं होतं म्हणतात.

आता अर्ज तेवढा व्हायचा आहे. बाकी विशेष काही नाही. जपून रहा. या-लिंगला आल्याचा शेक घ्यायला सांग.

तुझी,
युए-शिया ताई

ता. क. – हां, एक राहिलंच. अर्जाची मुदत तीस तारखेला संपते, आणि आप्पा म्हणतात की त्यांच्या वयामुळे कागदावर वारसाचाही सहीचा शिक्का लागतो. मी म्हटलं, मी आहे ना, घ्या माझा. म्हणाले, “त्रेसष्टची तू, वर ब्लडप्रेशर. वीस वर्षांचं काम आहे, धाकट्याला बोलाव.” (माझं लग्न ठरवतानाही ते इतकं तोंडावर बोलले नव्हते.) तेव्हा या शनिवारी तुझा शिक्का घेऊन ये. पोस्टाने पाठवू नकोस, ते चालत नाही म्हणे.

ता. ता. क. – हे पत्र बंद करण्याआधी मी कचेरीत जाऊन आले. वारसाचा शिक्का बिलकुल लागत नाही. घर आप्पांच्या नावावर, त्यांचा एकट्याचा पुरे. पानबाईंनी हे त्यांना तीनदा सांगितलंय, तिसऱ्यांदा कागदावर लिहूनसुद्धा. तरी आप्पांनी त्यांच्याकडून पट्टी मागून घेतली आणि स्वतःच्या शिक्क्याच्या चौकटीशेजारी पेन्सिलने दुसरी चौकट आखली. पानबाई म्हणाल्या, आजोबा, याला काही अर्थ नाही. तर म्हणाले, “असू दे.” मला हे कळलंय ते त्यांना कळू देऊ नकोस. पानबाई विचारत होत्या, चौकट खोडू का? मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा.